माकडतापाचा विषाणू टाकला, उत्तर आलं शून्य: विषाणू आणि यजमान प्रथिनांचे डेटाबेस कसे वाचायचे?

मलप्रभेकाठची (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, त्यामुळे इथं मराठीतच विचारते. इंग्रजीतून वाचून डोकं भणभणलंय.

माझा प्रकल्प माकडतापावर आहे, गोचिडीतून माणसाला होणारा विषाणूचा ताप, कन्नडमध्ये ज्याला मंगन कायिले म्हणतात. विषाणूची कोणती प्रथिनं माणसाच्या, म्हणजे विषाणू ज्याच्या अंगात शिरतो त्या यजमानाच्या, कोणत्या प्रथिनांना जाऊन धरतात, हे आधीच्या माहितीवरून गोळा करायचं आहे. विषय मीच मागून घेतला. माझी आत्या दर वर्षी काजूच्या हंगामात गोव्यात सत्तरीला कामाला जाते. २०१५ मध्ये सत्तरीत हा ताप निघाला तेव्हा मी सातवीत होते. पुढच्या वर्षी दोडामार्गात निघाला. तेव्हापासून आत्याला साधी कणकण आली तरी आमच्या घरात कुणी जेवत नाही.

आता अडचण. इंटॅक्ट, व्हिरहोस्टनेट, व्हायरसमेंथा, एचपीआयडीबी असे चार डेटाबेस धुंडाळले. माकडतापाच्या नावानं हाती जवळजवळ काही लागलं नाही. मग सरावासाठी डेंग्यू घेतला. त्याच्या ओळीच ओळी मिळाल्या. सायटोस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये जाळं काढलं तर मधोमध एकच मोठा ठिपका आणि माणसाची सगळी प्रथिनं त्याच्याभोवती. डेंग्यूची प्रथिनं दहा ना? मग ठिपका एकच कसा?

एका सरांचं म्हणणं पडलं की डेटा नाही म्हणजे विषयात दम नाही, दुसरा घे. दोन महिने उरलेत. विषय सोडायची माझी तयारी नाही. वाट कुणी दाखवेल का?

निपाणीकर (सोमवार, रात्री १०.२५)

मलप्रभेकाठची, विषय सोडू नकोस. मी मूळची निपाणीची. प्रथिनांच्या नोंदी तपासण्याचंच काम करते, म्हणून आधी तुझ्या एका ठिपक्याचं सांगते.

डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, माकडताप हे सगळे फ्लेविव्हायरस. त्यांचा आरएनए साधारण अकरा हजार अक्षरांचा. पेशी तो एका दमात वाचते आणि त्यातून एकच लांबलचक पॉलिप्रोटीन तयार होतं. रानात ऊस सबंध उभा असतो आणि तोडल्यावर त्याच्या कांड्या होतात, तसं. काही ठिकाणी विषाणूचाच एनएस२बी-एनएस३ हा कोयता चालतो, काही ठिकाणी आपल्या पेशीतली विकरं कापतात. कांड्या पडतात दहा: सी, पीआरएम, ई, आणि मग एनएस१, एनएस२ए, एनएस२बी, एनएस३, एनएस४ए, एनएस४बी, एनएस५.

युनिप्रोट, म्हणजे प्रथिनांची मोठी नोंदवही, क्रमांक देतं सबंध उसाला. डेंग्यू-२ च्या १६६८१ या वाणाचा क्रमांक पी२९९९०. कांडीचा क्रमांक निराळा असतो, तो 'पीआरओ' या अक्षरांनी सुरू होतो आणि मूळ क्रमांकाला आडवी रेघ मारून पुढे जोडलेला असतो. आता माणसाच्या प्रथिनांतही आडव्या रेघेनंतर एक, दोन असे आकडे येतात. ते आयसोफॉर्मचे, म्हणजे एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या रूपांचे. बहुतेक जण ते छाटून टाकतात, कारण मोजणीत त्यांचा त्रास होतो. तू कुणाची तरी तयार स्क्रिप्ट घेतली असशील आणि तिनं रेघेनंतरचं सगळं उडवलं असेल. माणसाच्या बाजूला ते चालून गेलं. विषाणूच्या बाजूला मात्र दहा कांड्यांची मोळी पुन्हा एकच ऊस झाली.

करोनाच्या फाइलीतही हाच खड्डा आहे. तिथं पी०डीटीडी१ या एका क्रमांकात एनएसपी नावाच्या पंधरा कांड्या बसल्यात. त्यावरून 'सर्वांत महत्त्वाचं प्रथिन' असे निष्कर्ष काढलेले प्रबंध मी स्वतः तपासलेत. पोरांनी वर्षभर मेहनत केलेली असते. वाईट वाटतं.

ज्या ओळीत कांडीचा क्रमांकच नाही, ती फेकू नकोस, वेगळ्या फाइलीत ठेव. मूळ पेपर उघडला की कोणतं प्रथिन वापरलं ते बहुधा सापडतं.

मलप्रभेकाठची (मंगळवार, पहाटे २.५०)

ताई, झालं! स्क्रिप्टमधली एकच ओळ होती. आता दहा ठिपके दिसतात. एनएस३ आणि एनएस५ भोवती दाटी आहे. एनएस२ए जवळ मात्र चारदोनच रेघा. म्हणजे एनएस२ए ला फारसं काम नसावं, असं लिहू का?

निपाणीकर (मंगळवार, सकाळी ७.१५)

नको, तसं लिहू नकोस. उठल्या उठल्या उत्तर देते, कारण तुझ्या 'शून्या'चं उत्तरही इथंच आहे.

एनएस२ए पेशीतल्या पडद्यात रुतून बसणारं प्रथिन. एकमेकांना धरणाऱ्या प्रथिनांच्या जोड्या शोधायची गाजलेली रीत म्हणजे यीस्ट टू-हायब्रिड, फील्ड्स आणि साँग यांनी १९८९ मध्ये मांडलेली. तिच्यात दोन्ही प्रथिनं यीस्टच्या केंद्रकात जाऊन एकमेकांना भेटावी लागतात, तरच खूण उमटते. पडद्यातलं प्रथिन केंद्रकात नीट उभंच राहत नाही. म्हणजे तुला रेघा कमी दिसतात त्या या रीतीला एनएस२ए नीट हाताळता येत नाही म्हणूनही असू शकतात.

आता हेच मोठ्या मापानं बघ. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. जिवंत विषाणूवर काम करायचं तर सर्वांत कडक बंदोबस्ताची, बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा लागते. पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, ती २०१२ च्या अखेरीस सुरू झाली. मधली पन्नासहून जास्त वर्षं अशी गेली. उलट एचआयव्ही बघ. त्याची जनुकं मोजून नऊ. पण १९८० च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या आणि अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्रानं त्याच्या एकट्यासाठी स्वतंत्र डेटाबेस उभारला. २००९ मध्येच त्यात अडीच हजारांवर जोड्या होत्या. म्हणून एचआयव्ही माकडतापाच्या हजारपट जोड्या जमवतो असं होत नाही. त्याच्याकडे लोकांनी तेवढं पाहिलं, इतकंच.

दोष सगळा बीएसएल-४ वर टाकू नये, हेही सांगते. एकेक जनुक वेगळं काढून, त्याला खुणेची शेपटी जोडून माणसाच्या पेशीत घातलं तर जिवंत विषाणू लागतच नाही. २०२० मध्ये करोनाचं जे मोठं काम 'नेचर'मध्ये आलं ते असंच झालं. २९ पैकी २६ प्रथिनं, प्रत्येकाला शेपटी, आणि शेपटीला धरून ओढल्यावर सोबत काय येतं ते मोजलं. ३३२ जोड्या निघाल्या. विषाणू माहीत झाल्यापासून काही महिन्यांत. माकडतापासाठी हे करता येत नाही असं नाही. करायला कुणी बसलं नाही. मला याचा राग येतो, आणि म्हणूनच तुझ्यासारख्या पोरीनं विषय सोडू नये असं वाटतं.

प्रबंधात 'आंतरक्रिया नाहीत' असं कधी लिहू नकोस. 'अमुक तारखेला अमुक डेटाबेसात नोंद आढळली नाही' असं लिही.

टिळकवाडीचा कोडर (मंगळवार, दुपारी १.०५)

निपाणीकर ताईंचं वाचून मीपण दोन गोष्टी घालतो. मी जीवशास्त्राचा नाही, खरं या फायलींवर दोन वर्षं काम केलोय.

इंटॅक्टवरून उतरवलेली फाइल मायटॅब नावाच्या साच्यात असते. साध्या आवृत्तीत पंधरा रकाने. नवीन पोरं पहिले दोन, म्हणजे प्रथिनांचे क्रमांक, घेतात आणि बाकीचे तेरा टाकून देतात. खरी गंमत त्या तेरातच आहे. सातव्या रकान्यात प्रयोगाची रीत, नवव्यात पेपरचा पबमेड या शोधनिबंधांच्या यादीतला क्रमांक, दहाव्या-अकराव्यात प्राणी कोणता, बाराव्यात जोडीचा प्रकार. माणूस म्हणजे ९६०६. गाय ९९१३. एका बाजूला ९६०६ आणि दुसऱ्या बाजूला तुझा विषाणू, असं गाळून घे. नाहीतर विषाणूच्या आपापसातल्या जोड्यापण त्यातच येतात.

दुसरं, एकच पेपर चार डेटाबेसांत असतो. व्हिरहोस्टनेटमध्ये आहे, मेंथामध्ये आहे, इंटॅक्टमध्ये आहे, म्हणून तीन पुरावे झाले असं नव्हे. तिघांनी एकच पेपर वाचलेला असतो. मेंथा तर दुसऱ्यांकडचंच एकत्र आणून मांडतं. दोन्ही प्रथिनं आणि पबमेड क्रमांक अशा तिन्हींची मिळून एक किल्ली कर आणि त्या किल्लीवर मोज. माझ्याकडं एका फाइलीतल्या निम्म्याहून जास्त ओळी अशा गळाल्या होत्या.

आणि स्कोअर. स्ट्रिंग नावाच्या डेटाबेसाच्या विषाणू-आवृत्तीत ०.९ दिसलं की लोक समजतात जोडी घट्ट आहे. तो आकडा घट्टपणाचा नव्हे. अशी जोडी खरोखर असावी याची खात्री किती, एवढंच तो सांगतो. त्यात पेपरांत दोन नावं एकत्र आली म्हणूनचा भागपण धरलेला असतो. तो भाग वेगळा काढून बघता येतो, बघ.

मलप्रभेकाठची (मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

दादा, किल्ली लावली. डेंग्यूच्या ओळी भराभर कमी झाल्या. आधी भीती वाटली, मग बरं वाटलं.

बाराव्या रकान्यात कुठं 'असोसिएशन', कुठं 'फिजिकल असोसिएशन', कुठं 'डायरेक्ट इंटरॅक्शन' आहे. हे तिन्ही एकच धरू का?

निपाणीकर (मंगळवार, रात्री ९.००)

धरू नकोस. करवंदीच्या जाळीतून एक फांदी ओढली तर सोबत चार येतात. त्या चारांतली कोणती तुझ्या फांदीत गुंतलेली आणि कोणती नुसती शेजारणीला अडकून आली, हे ओढणाऱ्याला कळत नाही. शेपटी धरून ओढायच्या प्रयोगात असंच होतं. एक आमिष, म्हणजे शेपटी लावलेलं प्रथिन, आणि त्यासोबत आलेली वीस प्रथिनं. डेटाबेस ते वीस जोड्यांच्या रूपात मांडतो, आमिषापासून प्रत्येकाला एक रेघ. मायटॅबच्या मोठ्या आवृत्तीत सोळाव्या रकान्यात 'स्पोक एक्स्पान्शन' असं लिहिलेलं दिसेल, ते हेच. 'डायरेक्ट' ही नोंद सहसा शुद्ध केलेली दोनच प्रथिनं एकत्र ठेवून पाहिल्यावर मिळते. ती थोडी असते, म्हणून मोलाची.

आणखी एक खबरदारी. उष्माघात प्रथिनं (हीट शॉक प्रोटीन), ट्युब्युलिन, रायबोसोमची प्रथिनं कुणालाही ओढलं तरी चिकटून येतात. अशा आगंतुकांची यादी क्रॅपोम नावाच्या साठ्यात आहे, २०१३ पासून. तुझ्या जाळ्यातली मोठी नावं तिथं एकदा तपास. सगळी काढून टाकायची असं नाही. काही विषाणू उष्माघात प्रथिनं खरोखरच वापरतात. शेजारी खूण मात्र कर.

जांबोटीकर (मंगळवार, रात्री १०.१०)

ताई, बहिणी, तुमचं सगळं वाचूलालो. निम्मं कळलं, निम्मं नाही. मी जंगलाकडंला राहणारा माणूस. आमच्याकडं माणसं रोज लाकडाला, मधाला, गुरांमागं जंगलात जातात. एक मनापासून विचारतो, राग मानू नका. ह्या जोड्या सापडल्या तर त्या तापावर औषध मिळतंय काय?

निपाणीकर (मंगळवार, रात्री १०.४०)

राग कसला, हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता.

विषाणूकडे स्वतःचं सामान फार थोडं. दहा प्रथिनांवर तो आपली पेशी ताब्यात घेतो, कारण बाकीची कामं आपल्याच प्रथिनांकडून करून घेतो. तो कुणाकुणाचा हात धरतो ते कळलं की त्यातला एखादा हात सोडवता येईल का, हे शोधता येतं. करोनाच्या त्याच कामात माणसाची ६६ प्रथिनं अशी निघाली की ज्यांवर परिणाम करणारी औषधं किंवा रसायनं आधीपासून होती, एकूण ६९. त्यातली बहुतेक पुढं रुग्णांपर्यंत पोचली नाहीत. तेव्हा उद्या गोळी मिळेल असं मी सांगणार नाही. दुसरा उपयोग रोग समजण्याचा. झिकामुळे बाळांची डोकी लहान का राहतात, यातला एक दुवा २०१८ मध्ये याच रीतीनं हाती आला. झिकाचं एनएस४ए आपल्या अँकल-२ या प्रथिनाला धरतं, आणि त्या जनुकात बिघाड असलेल्या घराण्यांत लहान डोक्याची मुलं होतात हे आधीच माहीत होतं.

माकडतापावर आज विषाणू मारणारं खास औषध नाही. अंगातलं पाणी टिकवणं, रक्तस्राव सांभाळणं, हेच उपचार. जुनी लस होती, ती पुरेशी लागू पडत नाही असं दिसल्यावर बंद झाली. म्हणून पायापासूनचं काम कुणीतरी करायला हवं.

आशाताई खानापूर (बुधवार, सकाळी ६.४५)

जांबोटीकर भाऊ, औषध येईल तेव्हा येईल, आत्ताचं मी सांगते. मी आशा म्हणून काम करते. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ, तेव्हा बारीक गोचीड फार असते, डोळ्याला दिसत पण नाही. जंगलात जाताना हातापायाला डेपा तेल लावायचं, त्यानं गोचीड लांब राहते, डीआरडीओनं काढलेलं आहे, आरोग्य खात्याकडून मिळतं, केंद्रात विचारा. अंगभर कपडे. आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि साबणानं अंघोळ. जंगलातला पालापाचोळा गोठ्यात अंथरायला आणू नका.

वानर किंवा माकड मरून पडलेलं दिसलं तर हात लावू नका, लगेच कळवा. ते मेलं की त्याच्या अंगावरची गोचीड खाली उतरते, तिथं जाणाऱ्याला धरते.

एकदम थंडी वाजून ताप, डोकं फुटल्यासारखं, कंबर-पाय भरून आले, आणि जंगलात जाऊन आला असाल, तर डॉक्टरला 'जंगलात गेलो होतो' हे वाक्य स्वतःहून सांगा. शंभरात तीन ते पाच माणसं दगावतात. काही जणांना बरं वाटल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, तेव्हा जास्त सांभाळायचं.

पोरी, तू हा विषय घेतलास, तुझं चांगलं होवो.

मलप्रभेकाठची (बुधवार, रात्री ११.२०)

आशाताई, तुमचा निरोप आत्याला वाचून दाखवला. तिनं तेलाचं लिहून घ्यायला लावलं.

आता मूळ कामाचं. माकडतापाच्या स्वतःच्या नोंदी नाहीत, म्हणून शेजाऱ्याकडून उसनं घ्यायचं ठरवलं. पुस्तकात याला इंटरोलॉग म्हणतात: दोन प्रथिनं सारखी असतील तर एकाची जोडी दुसऱ्यालाही लागू असावी. डेंग्यूचा डेटा सर्वांत जास्त आहे. पश्चिम बंगालमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये काढलेला डेन्व्हइंट नावाचा खास डेंग्यूचा डेटाबेससुद्धा मिळाला. एनएस५ पासून सुरुवात केली. डेंग्यूचं एनएस५ आपल्या स्टॅट२ ला धरतं. मग माकडतापाचं एनएस५ पण स्टॅट२ ला धरत असणार, असं लिहून पहिली ओळ भरली. बरोबर?

निपाणीकर (गुरुवार, सकाळी ७.३०)

ही ओळ पुसू नकोस, पण आत्ता तिच्यापुढं मोठं प्रश्नचिन्ह काढ. तुझ्या अख्ख्या प्रकल्पाचा जीव या एका उदाहरणात आहे, म्हणून सावकाश सांगते.

शरीरात विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडते. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याचं दार असतं, आयएफएनएआर१ हा त्या दाराचा एक भाग. दारावर थाप पडली की आत निरोप जातो, आणि तो निरोप पुढं नेणाऱ्यांत स्टॅट२ असतं. फ्लेविव्हायरसांचं एनएस५ हा निरोप अडवतं, ही गोष्ट बऱ्याच विषाणूंत दिसली आहे. पण अडवायची जागा एकच नाही.

डेंग्यूचं एनएस५ स्टॅट२ ला धरतं आणि आपल्याच पेशीतल्या यूबीआर४ या प्रथिनाच्या मदतीनं त्याचा नाश घडवतं. झिकाचं एनएस५ पण स्टॅट२ चा नाश करतं, पण यूबीआर४ शिवाय. गोचिडीतून पसरणाऱ्या गटात, लँगट आणि टिक-बोर्न एन्सेफलायटिस या विषाणूंत, २०१५ मध्ये वेगळीच वाट दिसली. त्यांचं एनएस५ प्रोलिडेज नावाच्या प्रथिनाला धरतं. आयएफएनएआर१ पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचायला प्रोलिडेज लागतं. ते अडकलं की दारच बसत नाही. डेंग्यू निरोप्याला मारतो, हे दार बसू देत नाहीत. निरोप दोन्हीकडे पोचत नाही.

माकडताप कुणाच्या घरातला? गोचिडीच्या. त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद सौदीतला अल्खुर्मा. लँगट, ओम्स्क, टिक-बोर्न एन्सेफलायटिस हे त्याच घरातले. डेंग्यू डासांच्या घरातला, नात्यानं लांबचा. म्हणून आधी प्रोलिडेजची ओळ भर, मग स्टॅट२ ची. डेंग्यूचा डेटा भरपूर आहे म्हणून त्याच्याकडून उसनं घेणं म्हणजे दिवा आहे तिथंच हरवलेली सुई शोधणं.

घरातल्याकडून उसनं घेतानाही एक तपासणी कर. सबंध प्रथिन किती टक्के सारखं आहे एवढ्यावर थांबू नकोस. जिथं जोडी जुळते तो तुकडा सारखा आहे का ते बघ. टिक-बोर्न एन्सेफलायटिसचं एनएस५ स्क्रिबल नावाच्या प्रथिनाला एका छोट्या अंतर्गत तुकड्यानं धरतं. त्या पेपरातून तुकडा उचल, माकडतापाचा क्रम शेजारी मांड आणि अक्षरं एकेक करून जुळव. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्यातून जे मिळेल ते तुझं स्वतःचं असेल.

चिकोडीचा पशुवैद्य (गुरुवार, दुपारी २.१५)

धागा वाचतोय, फार चांगलं चाललंय. २०२२ च्या लम्पीच्या वेळी मी गावोगाव फिरलोय. बैलाच्या अंगावरच्या गाठी बघून रडणारी माणसं पाहिलीत. लम्पीच्या बाबतीत हे डेटाबेस काही सांगतात का? गायीच्या बाजूनं बघितलं तर ९९१३ खाली फारसं काही दिसत नाही.

निपाणीकर (गुरुवार, रात्री ८.५०)

डॉक्टर, तिथं पोकळी आणखी मोठी आहे. लम्पी हा देवीच्या कुळातला, डीएनए विषाणू. सुमारे दीड लाख अक्षरं आणि दीडशेच्या वर जनुकं. त्याच्या बऱ्याच प्रथिनांचे जुळे व्हॅक्सिनिया या देवीच्या लशीतल्या विषाणूत आहेत आणि व्हॅक्सिनियावर भरपूर काम झालंय. पण बहुतेक माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींत. म्हणजे इथं उसनवारी दोन्ही बाजूंनी करावी लागते. विषाणूही दुसरा आणि यजमानही दुसरा.

ते किती घसरडं आहे ते व्हॅक्सिनियाच्या के३ वरून कळतं. ते आपल्या पीकेआर या रक्षक प्रथिनाला अडवतं. पण वेगवेगळ्या प्राण्यांचं पीकेआर घेतलं तर के३ काहींना अडवतं आणि काहींना नाही. रक्षक आणि चोर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या चाली बघून बदलत आलेत. गायीचं पीकेआर घेऊन प्रयोग होईपर्यंत माणसावरून गायीबद्दल बोलू नये.

मलप्रभेकाठची, हे तुलाही लागू आहे. डेंग्यूचं एनएस५ माणसाच्या स्टॅट२ चा नाश करतं, उंदराच्या स्टॅट२ चा नाही. २०१० मध्येच हे दाखवलं गेलं. माकडतापात वानर आणि लाल तोंडाचं माकड मरतात. तुझ्या जाळ्यात यजमान फक्त ९६०६ आहे. वानरांबद्दल एक वाक्यही त्यावरून लिहू नकोस. आणि गोचिडीच्या बाजूचं तर पानच कोरं आहे.

टिळकवाडीचा कोडर (गुरुवार, रात्री ९.३०)

अल्फाफोल्डनं, म्हणजे प्रथिनाचा आकार वर्तवणाऱ्या प्रोग्रॅमनं, दोन प्रथिनं जोडून बघितली तर? माझ्याकडं कोलॅबवर चालतंय.

निपाणीकर (गुरुवार, रात्री ९.४५)

बघ, पण निकाल वेगळ्या रकान्यात ठेव. आयपीटीएम हा त्याचा जोडीबद्दलचा खात्रीचा आकडा ०.८ च्या वर आला तर भरवशाचा, ०.६ च्या खाली तर बहुधा चुकलेला. मधल्याला काही म्हणू नये. प्रयोगातून आलेलं, उसनं घेतलेलं आणि संगणकानं वर्तवलेलं, या तिन्हींच्या रेघा चित्रात वेगळ्या रंगात दिसल्या पाहिजेत. पी-हिप्स्टर नावाचा २०१९ चा साठा हजारावर विषाणूंसाठी रचनेवरून जोड्या वर्तवतो. त्यातलं घेतलंस तर तेही तिसऱ्या रंगात.

मलप्रभेकाठची (रविवार, संध्याकाळी ७.१०)

तीन दिवस बोलले नाही, कामात होते.

फाइल नव्यानं केली. प्रत्येक ओळीला नऊ रकाने: विषाणू, कांडी, यजमान प्रथिन, यजमान प्राणी, प्रयोगाची रीत, पबमेड क्रमांक, थेट की सोबत आलेलं, पुरावा कुठल्या रंगाचा, आणि मी फाइल उतरवली ती तारीख. तारीख मी मनानं घातली, कारण जुन्या पेपरांत दिलेली दोन संकेतस्थळं माझ्याकडे उघडलीच नाहीत. उद्या दुसरंही बंद पडलं तर माझ्याकडे काय होतं ते तरी सांगता येईल.

माकडतापाच्या काळ्या रेघा, म्हणजे प्रयोगातून आलेल्या, शून्यच आहेत. त्या शून्यापुढं मी चार डेटाबेसांची नावं आणि तारखा लिहिल्या. गोचिडीच्या घरातल्यांकडून उसन्या घेतलेल्या निळ्या रेघा बेचाळीस. डेंग्यूच्या वेगळ्या पानावर ठेवल्यात, फक्त तुलनेसाठी. स्क्रिबलचा तुकडा शेजारी मांडून बघितला. दोन अक्षरं वेगळी आहेत. ती फरक पाडणारी आहेत का हे मला ठरवता येत नाही.

शुक्रवारी फाइल घेऊन त्याच सरांकडे गेले. त्यांनी बराच वेळ चाळली. शून्याच्या पानावर थांबले आणि म्हणाले, हे पान पहिल्या प्रकरणात घे.

ताई, त्या दोन अक्षरांचं बघाल का?

निपाणीकर (रविवार, रात्री ८.००)

दोन्ही क्रम आणि मूळ पेपरातली ती आकृती, जिच्यात एकेक अक्षर बदलून जोडी तुटते का ते पाहिलंय, एवढं पाठव. त्या आकृतीत तुझी दोन्ही अक्षरं असतील तर आज रात्रीच सांगते. नसतील तर ती रेघ तुटक काढ आणि कारण खाली लिही. आणि बेचाळिसांतल्या पहिल्या दहा ओळींचे पबमेड क्रमांकही दे, मी मूळ पेपर उघडून ताडून बघते.

मलप्रभेकाठची (रविवार, रात्री ८.२५)

पाठवलं. एक अक्षर आकृतीत आहे, दुसरं नाही. रेघ तुटक करूनच पाठवली.